माळ्यावरचे चार टायर

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी ती लपवायला जागा शोधतात. नवी बादली आली की फुटकी बादली आणखी दोन वर्षं चालते. नवं ब्लँकेट आलं की ते पेटीत जातं आणि आम्ही जुन्याच्या भोकांतून पाय बाहेर काढून झोपतो. ही सगळी सासऱ्यांची शिस्त. "आहे ना घरात? मग झालं तर," असं म्हणायचं आणि पेटीला कुलूप घालायचं. वस्तू आहे एवढ्यावरच त्यांचं पोट भरतं.

शेडच्या माळ्यावर चार टायर होते तेही तसेच. आमच्या पिकअपचेच, नवेकोरे. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासूनचे. रुंद, सरळ रेघांचे. असे टायर निघायचे बंद होणार असं कुठूनतरी कानावर आलं म्हणून सासऱ्यांनी ते घेऊन ठेवले होते. सासूबाईंनी त्यांना गोणपाटाच्या खोळी शिवल्या होत्या, तोंडाला नाडीसकट. सासरे अधूनमधून माळ्यावर चढायचे, खोळी काढून टायर पुसायचे, पुन्हा झाकायचे. सासूबाई खाली शिडी धरून उभ्या राहायच्या. त्या गेल्यावर शिडी माझ्या हातात आली.

सासूबाई एकदा धान्य निवडता निवडता मला म्हणाल्या होत्या, "मला भावाकडे जायचंय. लांब आहे गाव, नदीच्या वरच्या अंगाला. हे म्हणतात, आताचे टायर झिजले की माळ्यावरचे चढवू आणि ऐटीत जाऊ."

"बसनं जाऊन या की," मी म्हटलं.

"दारात गाडी असताना? भाऊ काय म्हणेल? आणि ह्यांना काय वाटेल?"

टायर झिजले. पण ते झिजलेत हे सासऱ्यांना दिसायला हवं ना. दर हंगामाला ते टायरवर हात फिरवून म्हणायचे, "अजून जीव आहे ह्यात." मग एका वर्षी सासूबाईंनाच तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. भाऊ आला, तो त्यांना पोचवायला.

हे सगळं आता सांगायचं कारण, ह्या उन्हाळ्यात तेच ताट माझ्यापुढे आलं. माझ्या आईला काचबिंदू झाला. भावाचा फोन आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल त्याचा भरवसा नाही. आईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"मला छकुलीचं तोंड बघायचंय. उशीर करू नकोस गं," म्हणाली.

छकुली आमची मुलगी. नुकती भिंत धरून चालायला लागलेली. ती झाली तेव्हा नदीला पूर होता, त्यामुळे मला आईकडे जाता आलं नाही. मग हे राहिलं, ते राहिलं. आईनं नात पाहिलीच नव्हती. भावाच्या फोनवर फोटो पाठवला, तर आई म्हणे, त्यात नुसता पांढरा ठिपका दिसतो.

त्याच दिवशी जेवताना मी विषय काढला. "मी छकुलीला घेऊन आईकडे जाऊन येते. बसनं."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "बसनं कशाला? दारात गाडी आहे."

"गाडीचे टायर बघितलेत का बाबा? हात फिरवला तर छकुलीच्या गालासारखे लागतात."

आमचे हे हसले आणि मग हसू लपवायला घटाघटा पाणी प्यायले. "बाबा, आता माळ्यावरचे उतरवायला हवेत," म्हणाले.

"उतरवू. कोण नाही म्हणतंय? पहिला माल निघू दे, टायर चढवू, आणि हिला मी स्वतः घेऊन जातो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, विहीणबाईंच्या दारात तू पोर काखेत घेऊन, धूळ खात बसमधून उतरलीस, तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

तेव्हा मला ते बोलणं गोडच वाटलं, खोटं कशाला सांगू?

आम्ही नदीच्या पात्रात कलिंगडं करतो. पाणी ओसरलं की वाळू उघडी पडते. त्या वाळूत चर खणायचे, तळाशी खत घालायचं, वेल लावायचे आणि पुढच्या पुराआधी सगळं उचलून काठावर यायचं. वाळूत गाडी घालणं हे वेगळंच काम आहे. पात्रात उतरताना चारही टायरची हवा निम्मी काढायची. मग टायर पसरतात आणि गाडी रुतत नाही. माल भरून वर काठावर आलो की पायपंपानं हवा पुन्हा भरायची. हे हवा भरत आणि मी मागून कलिंगडं सारखी लावत असायची. पंप मारून मारून ह्यांची पोटरी दगडासारखी घट्ट झाली आहे.

ह्या वर्षी ऊन असं पडलं की फळं एकदमच पिकली. एरवी तोडे हळूहळू येतात. आज ह्या चराचा, परवा त्या चराचा. ह्या खेपेला जिकडे बघावं तिकडे देठाजवळची तार वाळलेली, म्हणजे फळ पिकलेलं. सकाळी टिचकी मारून ठेवलेलं फळ दुपारी जागच्या जागी तडकलेलं असायचं. वाळू इतकी तापायची की चपलेतूनही तळवे भाजत. मी डोक्यावर पाटी घेऊन वेलांतून गाडीपर्यंत आणि गाडीपासून वेलांपर्यंत फिरायची. छकुली झापाच्या सावलीत, कमरेला दोरी बांधून ठेवलेली, फुटलेलं कलिंगड नाकातोंडाला फासत बसलेली असायची. मान इतकी आखडायची की संध्याकाळी कोणी हाक मारली तर अख्खीच वळायची मी.

त्यातच जुने टायर बोलायला लागले. मागच्या एका टायरची तार बाहेर आली. रोज कुठली तरी हवा जायची. एकदा अर्धा माल भरून गाडी वाळूतून निघाली आणि काठाच्या चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं. मी, शेजारचा ट्रॅक्टरवाला आणि सासरे अशा तिघांनी मागून रेटलं. सासरे पाय घसरून वाळूत तोंडावर आपटले. उठून बसले, दाढीतली वाळू झटकली.

"उद्या उतरवू माळ्यावरचे," म्हणाले. असं म्हणाले जसं काही स्वतःचं काळीज काढून देतायत.

दुसऱ्या दिवशी चारही टायर खोळींसकट पिकअपमध्ये ठेवले. सासरे पुढे बसले नाहीत. मागे टायरांशेजारी बसले, हात टेकून. मीही छकुलीला घेऊन निघाले. टायर बसले की लगेच आईकडे जायचं ठरलं होतं आणि आजीला दाखवायला पोरीच्या अंगात एक तरी धड कपडा हवा होता. बाजारातून मी तिला फ्रॉक घेतला. पिवळाधमक, लांबून डोळ्यात भरेल असा मुद्दाम शोधला. तिथल्या तिथे घालायला निघाले तर सासरे म्हणाले, "आत्ता नको गं, मळेल. ठेव. त्या दिवशी घाल." मी घडी करून पिशवीत ठेवला.

टायरवाल्याच्या दुकानापुढची जमीन ग्रीस सांडून काळी झालेली. लोखंडी पहारी, हवेचं मशीन आणि बाकावर आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलेली पाचसहा माणसं. टायरवाला जाडजूड, तोंडाचा फटकळ. आमचे टायर बघून म्हणाला, "ह्यांच्यावर तुम्ही गाडी चालवता, की गाडी तुम्हाला चालवते?"

"नवे दाखव," हे म्हणाले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. हे हळूच म्हणाले, "नुसतं बघू तर, बाबा."

टायरवाल्यानं उंच दातांचा टायर गडगडत आणून पुढे उभा केला. "हा घ्या. चिखल म्हणू नका, डोंगर म्हणू नका. ह्याचा दात जिथे बसला तिथून गाडी मागे सरत नाही."

"आम्ही वाळूत चालवतो. हे दात वाळू उकरतात. गाडी स्वतःच स्वतःचा खड्डा खणत बसेल."

"मग सपाट रेघांचे हवेत. ते रुंद मापात हल्ली कोणी ठेवत नाही, मागवावे लागतील. आठवडा धरून चाला."

"आठवडाभर कलिंगडं थांबतात होय?" सासरे म्हणाले. त्यांना हेच ऐकायचं होतं. त्यांनी पिकअपचं फाळकं खाली केलं, एका खोळीची नाडी सोडली आणि टायर बाहेर काढला. काळा कुळकुळीत, एक कण झिजलेला नाही. बाकावरचे एकदोघे उठून बघायला आले. सासऱ्यांची मान जरा ताठ झाली.

टायरवाल्यानं खाली बसून टायरची कड दोन्ही हातांनी दाबली. दाबली तशा बारीक बारीक भेगा उघडल्या, टाचेला पडतात तशा. मग त्यानं कडेवर कोरलेले आकडे बोटानं पुसून वाचले आणि शीळ घातली.

"काका, हा टायर तुमच्या सुनेच्या लग्नाच्याही आधी म्हातारा झालाय. टायर म्हणजे काय सोनं आहे होय, ठेवला आणि भाव चढला? रबर आहे हे. नुसतं बसून बसून मरतं. तुम्ही मढं पुसत होतात इतकी वर्षं!"

बाकावरची माणसं खदखदून हसली. एकानं तर मांडीवर थाप मारली. सासरे खोळीची नाडी बोटाला गुंडाळत उभे राहिले. गुंडाळायचे, सोडायचे. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. ती खोळ सासूबाईंच्या हातची होती आणि टाके सगळे वरून दिसत होते.

ह्यांनी ते तोंड बघितलं. मीही बघितलं.

"बसव," हे म्हणाले.

टायरवाल्याचं हसू थांबलं. "अहो, मी गंमत केली असेल, पण खोटं नाही बोललो."

"बसव म्हटलं ना. आमच्या घरचे आहेत."

"अहो, तो काय म्हणतोय ते जरा..." मी बोलायला गेले, पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा शब्द मी गिळला. बापाला चार माणसांत हसलेलं ह्यांना सहन झालं नाही. एरवी आठवडाभर थांबले असते, ट्रॅक्टर सांगितला असता, काहीही केलं असतं. शहाणा माणूस आहे. पण त्या घटकेला ह्यांना फक्त ते हसणं पुसायचं होतं.

"बसवून देतो. पण भर दुपारी माल भरून डांबरी रस्त्यावर पळवू नका," टायरवाला म्हणाला. "आणि काही झालं तर माझं नाव काढू नका."

आणि गंमत बघा, वाळूत ते टायर असे चालले म्हणून सांगू! हवा निम्मी काढली आणि गाडी पात्रात उतरली ती कुठे अडखळली नाही. माल भरून चढावर निघाली तर कोणाला हात लावावा लागला नाही. सासरे काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हातारा माणूस, पण टाळ्या.

"बघितलंस? मढं म्हणे! ह्याला म्हणतात माल!" मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सूनबाई, आजचा माल बाजारात टाकतो, आणि उद्या सकाळी तुझ्या आईकडे. पिशवी भरून ठेव."

मी घरी जाऊन पिशवी भरली. फ्रॉक सगळ्यात वर ठेवला. भावाला फोन करून सांगितलं, उद्या येतो. मागून आईचा आवाज आला, "काय म्हणते? उद्या?"

माल भरता भरता दुपार झाली. फळं तडकायला लागली होती, ऊन उतरेपर्यंत थांबले असते तर निम्मी गेली असती. हे आणि सासरे तसेच निघाले. काठावर टायरची हवा पुरती भरली होती, त्यात काही कसूर केली नव्हती. डांबर तापून मऊ झालं होतं. बाजार अर्ध्या तासावर राहिला तेव्हा मागचा डावा टायर फुटला.

मी पोचले ती ट्रॅक्टरवाल्याच्या मागे बसून. पिकअप रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली होती. फाळकं तुटून कलिंगडं सगळ्या रस्त्याभर पसरलेली, लालेलाल. येणाऱ्या गाड्या त्यांच्यावरूनच जात होत्या. आधी लोक मदतीला थांबले, ह्यांना बाहेर काढलं, सावलीत बसवलं. मग ज्यांची मदत करून झाली ते धड राहिलेली फळं उचलून आपापल्या गाडीत ठेवायला लागले. ह्यांचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता. कपाळावर घाम होता, पण शुद्धीत होते. मला बघून म्हणाले, "मला काही नाही झालं. बाबांना बघ."

सासरे चाकाजवळ खाली बसले होते. अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं. हातात फाटलेल्या टायरची पट्टी होती. ते तिचा एकेक तुकडा बोटांनी मोडत होते आणि तो वाळक्या पापुद्र्यासारखा मोडत होता.

एका मोटारीतून एक बाई उतरल्या. साडी आवरत, लगद्यातून पाय चुकवत सासऱ्यांजवळ आल्या. "आजोबा, ही तडकलेली स्वस्तात देणार का?"

सासऱ्यांनी वर बघितलं. "न्या," म्हणाले.

"कशी देता?"

"न्या हो. अशीच न्या."

बाईंनी दोन उचलली आणि गेल्या. मला त्यांचा एवढा राग आला की बस्स. पण त्यांचं तरी काय चुकलं? रस्त्यावर पडलेली फळं, आणि शेजारी बसलेला म्हातारा. त्यांना काय माहीत तिथे काय काय सांडलं होतं ते.

ह्यांच्या हाताला प्लॅस्टर लागलं. ट्रॅक्टरनं ओढून आणलेली पिकअप शेडपुढे दगडांवर उभी केली. उरलेल्या तीन टायरांनाही भेगा पडल्या होत्या. टायरवाल्याकडे सपाट रेघांचे नवे मागवले. पात्रात अजून निम्मा माल होता. तो ट्रॅक्टरवाला नेऊन टाकणार होता, पण तोडायला माणसं कोण? सासरे आणि मी.

आता तुम्ही म्हणाल, बस होती ना? होती. रोज सकाळी काठावरच्या रस्त्यानं धूळ उडवत जायची. मी पाटी डोक्यावर घेऊन तिच्याकडे बघायची. हे म्हणालेसुद्धा, "तू जा छकुलीला घेऊन. मी बघतो इथलं."

"एका हातानं काय बघणार? माझं तोंड?"

"अगं, पण आई..."

"टायर आले की जाऊ," मी म्हटलं. सासऱ्यांना एकट्याला त्या उन्हात सोडून जायचा धीर मला झाला नाही. दुपारी ते वेलांत बसायचे ते बसूनच राहायचे. त्यांना हाक मारून उठवावं लागे.

मग एका संध्याकाळी भावाचा फोन आला. आई सारखी विचारतेय म्हणाला. मी शेडच्या दाराशी उभी होते. "अरे, टायर येऊ देत," मी म्हटलं. "दारात गाडी असताना बसनं कुठे येऊ? बाबांना काय वाटेल?"

बोलून गेले आणि फोन कानापासून बाजूला घेतला. हे माझं बोलणं नव्हतं. शब्द न् शब्द सासूबाईंचा होता. मी मागे वळून बघितलं तर सासरे तिथेच दगडावर बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्या रात्री जेवले नाहीत.

टायर आले ते टायरवाला स्वतःच घेऊन आला, छोट्या टेम्पोतून, पहारी आणि पंपासकट. गाडी दगडांवर आहे हे त्याला कळलं होतं. ह्यांच्या गळ्यात अडकवलेला हात बघून त्यानं नजर चुकवली. टायर चढवून झाल्यावर सासऱ्यांपुढे उभा राहिला.

"काका, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"बोललास ते खरंच होतं," सासरे म्हणाले. "हसला नसतास तर ऐकलं असतं."

टायरवाल्यानं पहारी टेम्पोत टाकल्या. मग म्हणाला, "जुने घेऊन जाऊ का?"

"घेऊन जा. सगळे ने. त्या खोळी तेवढ्या राहू देत."

त्यांनी खोळी झटकल्या. ड्रायव्हरशेजारची सीट उन्हानं तापली होती, तिच्यावर त्या दुहेरी करून अंथरल्या. मग मला हाक मारली. "सूनबाई, पोरीला फ्रॉक घाल. निघायचंय."

"आत्ता? शेवटचा तोडा राहिलाय बाबा. आज काढला नाही तर फुटेल सगळा."

"फुटू दे."

"आणि चालवणार कोण?"

"मी. विसरलो नाही अजून."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चांगल्या हातानं पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

सासरे गाडी फार हळू चालवत होते. मागची वाहनं भोंगे वाजवून पुढे जात होती. छकुली माझ्या मांडीवर, पिवळ्या फ्रॉकात, खिडकीला नाक लावून. एका ठिकाणी रस्ता फुटला, तशी त्यांनी गाडी आणखी हळू केली.

"तिचा भाऊ तिकडे राहतो," म्हणाले. "ह्या डाव्या हाताच्या रस्त्यानं. सरळ रस्ता आहे. काही लांब नाही गं."

मी छकुलीचा फ्रॉक गुडघ्यांवर सारखा केला.

"मला वाटायचं, टायर आहेत म्हणजे जाणं आहेच. कधीही जाता येईल." त्यांनी डोळे पुसले आणि गियर बदलला. "आहे ना घरात, मग झालं. असंच म्हणायचो ना मी?"

"बाबा, पुढे बघा," मी म्हटलं.

आई अंगणात खुर्चीवर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून उठली आणि भलत्याच दिशेला तोंड करून हसली. मी धावत जाऊन तिला धरलं, बसवलं आणि छकुलीला तिच्या मांडीवर दिलं.

आईनं तिला उजेडाकडे वळवलं. जवळ घेतलं, लांब धरलं, मान एका बाजूला कलती करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "पिवळं आहे काहीतरी," म्हणाली.

"फ्रॉक आहे आई."

"छान आहे. आणि तोंड कुठेय?"

मी तिचा हात धरून छकुलीच्या गालावर ठेवला. आईनं कपाळ चाचपलं, भुवया, नाक. छकुलीनं तिचं बोट तोंडात घालून चावलं. आई हसली. "दात आलेत की गं! नाक तुझं आहे." मग म्हणाली, "चार दिवसांमागे शेजारणीचं तोंड दिसत होतं मला. अगदी तिच्या कुंकवासकट."

सासरे पिशवी हातात घेऊन दाराशीच उभे होते. तिथूनच म्हणाले, "विहीणबाई, उशीर माझ्यामुळे झाला. ही कधीच निघाली होती. मी थांबवलं."

आईनं आवाजाच्या दिशेनं पटकन डोक्यावरचा पदर सारखा केला. "अहो, काहीतरीच काय! तुम्ही स्वतः गाडीनं घेऊन आलात, एवढं कोण करतं? बसनं आल्या असत्या तर पोरीचे किती हाल झाले असते."

आई मनापासून बोलली, त्यात टोमणा नव्हता. सासऱ्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. पाणी दिलं तर भांडं हातात धरून तसेच बसून राहिले.

उठताना त्यांनी विचारलं, "विहीणबाई, तो पिवळा रंग दिसतो ना पण?"

"तो दिसतो. छान दिसतो."

"मग ह्या दोघींना इथेच राहू द्या. रंग दिसतोय तोवर राहू द्या. तिकडचं मी बघतो." आणि मला म्हणाले, "तो फ्रॉक घडी करून ठेवू नकोस. वापर."

त्यांची गाडी गेली. मी राहिले.

मी छकुलीला रोज तोच फ्रॉक घालत होते. रात्री धुवायचा, दोरीवर टाकायचा, सकाळी पुन्हा तोच. खांद्याची शिवण उसवली, ती घातली. कॉलरवर डाग पडला तो निघाला नाही, पण रंग होता तसाच राहिला, पिवळाधमक. सकाळी ऊन अंगणात आलं की आई खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, "आण गं माझं पिवळं पाखरू."

एका सकाळी मी छकुलीला तिच्या मांडीवर बसवलं. आईनं तिला उजेडाकडे वळवलं, लांब धरलं, जवळ घेतलं. मग माझ्या बाजूला तोंड करून म्हणाली, "आज पिवळा नाही का घातलास हिला?"

छकुली मांडीवर बसून त्याच फ्रॉकचं बटण तोंडात घालत होती.

"धुवायला टाकलाय आई," मी म्हटलं.